अनसिंगचा 'ब' गट

मंडळी, अनसिंगला मी कबड्डी पाहायला गेलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमच्या कचेरीतली माणसे म्हणायची की साहेब सरकारी कामाच्या नावाखाली सामने बघत हिंडतात. मी गेलो होतो हरभऱ्यावरील घाटेअळीची सभा घ्यायला. पिशवीत कामगंध सापळे होते, त्यांत लावायचे ल्यूर होते आणि मागच्या वर्षीची उरलेली माहितीपत्रके होती. सभा झाली नाही. जे झाले ते तुम्हांला सांगावे असे वाटले, म्हणून हा लेख.

वाशिमच्या बसस्थानकावर पुसदकडे जाणारी गाडी धरली की सुमारे पंचवीस किलोमीटरवर अनसिंग लागते. वाशिम म्हणजे वाकाटकांची जुनी राजधानी वत्सगुल्म. पण गाडीत बसलेल्या माणसाला राजधानीपेक्षा खिडकीची जागा महत्त्वाची. मला ती मिळाली. जानेवारीचे दिवस होते. तुरी कापून पेंढ्या उभ्या केलेल्या, काही ठिकाणी मळणी चाललेली, गव्हाचे हिरवे तुकडे आणि बाकी सगळा हरभरा. हरभरा फुलातून घाट्यात येत होता. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन नोकरीला लागलो तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्या काळी याच रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना कपाशी आणि ज्वारी दिसे, मधेच एखादा सोयाबीनचा तुकडा. आता खरिपात सोयाबीनमध्ये तुरीचे तास आणि मागाहून हरभरा, असे सगळे उलटे झाले आहे. चांगले की वाईट, ते पुन्हा केव्हातरी.

अनसिंग हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे मोठे गाव. शृंगऋषींवरून गावाला हे नाव पडले असे जुनी माणसे सांगतात, आणि त्यांचे देऊळही गावात आहे. उतरलो, चहा घेतला आणि सभेच्या जागी गेलो. तिथे तीन म्हातारी माणसे आणि एक बाई. मी अर्धा तास वाट पाहिली. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "साहेब, माह्या हरभऱ्यात अळी हाय, पन आज तुमाले कोनी भेटनार नाई. सारे पोट्टे मैदानावर गेले."

त्यांना तेवढ्यात सापळ्याचे सांगितले. हेक्टरी पाच सापळे लावा, रोज सकाळी पतंग मोजा, सलग तीन दिवस आठ ते दहा पतंग सापडू लागले की फवारणीचा विचार करा. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपण काढू नका. त्यांनी दोन सापळे घेतले. मग पिशवी खांद्याला लावून मीही मैदानाची वाट धरली.

मैदानाशी मी थबकलो तो खेळासाठी नव्हे, मातीसाठी. आपली भारी काळी जमीन कपाशीची माय, पण पळणाऱ्या पायाची वैरीण. ओली असली की पायाला चिकटते, वाळली की भेगाळते, आणि भेगेत टाच गेली की घोटा गेलाच म्हणून समजा. ओलाव्याने फुगणे आणि वाळल्यावर आक्रसणे हा त्या मातीतल्या चिकणमातीचा गुणच आहे. त्याला रोलर फिरवून इलाज नाही. इथल्या पोरांनी हे कुणाला न विचारता ओळखले होते. दिवाळी झाल्यावर त्यांनी वरचा वीतभर काळा थर खरवडून बाजूला केला. टेकडीकडचा मुरूम ट्रॉलीने आणून भरला, पाणी मारून दाबला. त्यावर चाळणीने चाळलेली तांबूस माती आणि लाकडाचा भुसा मिसळून चार बोटे थर दिला. खडे वेचायला शाळेतली पोरे रांगेने बसवली होती म्हणे. दररोज संध्याकाळी हलके पाणी शिंपडायचे, इतके की धूळ बसावी आणि चिखल होऊ नये. मी चिमूटभर माती उचलून बोटांत चुरगळून पाहिली. वाफसा म्हणतो तो हाच. पेरणीच्या वेळी आपण एवढा वाफसा साधला तर माझी निम्मी नोकरी सोपी होईल.

त्या मातीवर पांढऱ्या फक्कीने १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असे क्रीडांगण आखलेले होते. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून पोरांना टीव्हीवर मॅट, बूट आणि झगमगाट दिसतो. इथे अनवाणी पाय आणि चाळलेली माती.

सामने दोन गटांत होते. 'अ' गट खुला: विदर्भातला कोणताही संघ यावा, कुठलाही खेळाडू आणावा. 'ब' गट ग्रामीण: फक्त जवळपासच्या गावांचे संघ, आणि खेळाडू त्याच गावचे रहिवासी. 'ब'चे पहिले बक्षीस 'अ'च्या निम्म्याहूनही कमी. 'अ'चे सामने रात्री दिव्यांखाली, 'ब'चे दुपारच्या उन्हात. पत्रिकेवर 'अ' गटाचे नाव मोठ्या टायपात, 'ब' गटाचे खाली बारीक. पण मंडळी, गर्दी कोणत्या सामन्याला होती हे तुम्ही पाहायला हवे होते. 'अ'च्या सामन्याला लोक टाळ्या वाजवून जेवायला जात. 'ब'च्या सामन्याला म्हातारी माणसेही उठून उभी राहत, कारण मैदानात कुणाचा तरी नातू, कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा तरी सालगडी होता. चढाईला गेलेला पोरगा कोणत्या धुऱ्यावरच्या विहिरीत पोहायला शिकला हे पाहणाऱ्यांना ठाऊक होते.

वजनाचा काटा अडत दुकानातून आणला होता, धान्य मोजायचा. पुरुषांच्या खुल्या गटाला ८५ किलोंची मर्यादा असते. 'ब' गटातला एकही गडी तिच्या आसपास फिरकला नाही. दिवसभर ज्याला तुरीच्या पेंढ्या उचलायच्या त्याच्या अंगावर चरबी यायची कुठून?

एक गंमत सांगतो. कबड्डीत दोन पंचांच्या वर जो मुख्य पंच असतो त्याला 'सरपंच' म्हणतात. ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला, "सरपंचांनी ताबडतोब मैदानात यावे." शिट्टी गळ्यात अडकवलेले एक शिक्षक उठले आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून गावचे सरपंचही उठले. दोघेही मध्यरेषेपर्यंत गेले. सगळे मैदान हसले. गावच्या सरपंचांनी मग नारळच फोडून टाकला आणि मान राखला.

हा खेळ आपला जुना. आपल्या आज्याला तो हुतुतू म्हणून ठाऊक होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या संस्थांनी त्याला नियमांची चौकट घालायला सुरुवात केली. आपल्या वऱ्हाडचाही त्यात वाटा आहे. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली जो आखाडा काढला त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि त्या मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांनी कबड्डीसाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, २०१० ला ग्वांगचौमध्ये महिलांचीही आली. अनसिंगला मात्र मुलींचा गट नव्हता. गच्चीवरून सामने पाहणाऱ्या मुली चढाईचे दोष अगदी अचूक काढत होत्या, ते मी माझ्या कानांनी ऐकले. समितीतल्या मंडळींना हे बोलून दाखवले तेव्हा "पुढच्या साली पाहू" असे उत्तर मिळाले. सरकारी नोकरीत हे उत्तर मीही पुष्कळदा दिले आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात दोन संघ आले होते. गावांची नावे घालत नाही. दोन्हीकडच्या पोरांशी मला अजून पाच-सहा वर्षे घाटेअळीचे बोलायचे आहे. त्यांच्या बनियनच्या रंगावरून एकाला निळे म्हणू, दुसऱ्याला तांबडे. निळे म्हणजे रस्त्यावरचे बरे खातेपिते गाव. तांबडे म्हणजे डोंगराच्या कडेचा बंजाऱ्यांचा तांडा. तांड्याकडे मोजून सात गडी. राखीव एकही नाही. एरवी त्यांचा संघ अकरा-बाराचा असतो, पण त्यांतले चौघे दिवाळीनंतरच ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. ते होळीच्या आसपास परतणार.

निळ्यांचा खरा भरवसा होता तो एका चढाईपटूवर. वय सव्वीस असेल. अंगाने बारीक, पण पायात वारा. हा पोरगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या कंपनीत कामाला. सामन्यांसाठी दहा दिवसांची रजा काढून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेला. आणि दुपारी तीनला, सामना तोंडावर आला असताना, तांबड्यांच्या कप्तानाने समितीपुढे हरकत घातली.

"याचं कार्ड गावचं हाय, पन मानूस चाकनचा हाय. अकरा मयने तिकडं राह्यते. मंग आमीबी पुन्याहून गडी आनतो ना."

हरकत खोटी नव्हती. नियमात 'रहिवासी' असा शब्द होता. निळ्यांनी आधार कार्ड दाखविले, मतदार यादीतले नाव दाखविले, शिधापत्रिका आणायला माणूस पाठविला. कप्तान म्हणाला, कागद आमच्याकडेही आहेत. आवाज चढले. समितीचे चारजण एका बाजूला, तिघे दुसऱ्या. एकाने माझ्याकडे पाहून विचारले, "साहेब, तुमीच सांगा, रहिवासी कोनाले म्हंतात?" पीक विम्यापासून अनुदानापर्यंत या एका शब्दावरून मी किती भांडणे पाहिली असतील, पण मला उत्तर सुचले नाही. आमच्या अर्जांत 'राहणार' असा रकाना असतो. त्यात काय लिहावे हे आज निम्म्या तरुण पोरांना ठाऊक नसते.

हे भांडण चालू असता मला माझ्या पुतणीची आठवण झाली. ती परिचारिका आहे, आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या एका गावात राहते. तिकडे गेलिक फुटबॉल म्हणून त्यांचा देशी खेळ आहे. एका बाजूला पंधरा गडी, चेंडू हातानेही न्यायचा आणि पायानेही मारायचा. आडव्या दांडीखालून गेला तर गोल, वरून गेला तरी गुण. पुतणी म्हणते, "काका, इथली माणसे पावसाविषयी बोलतात आणि आपल्या गावच्या संघाविषयी बोलतात, तिसरे काही नाही." मला तर हे ऐकून अगदी आपल्याकडच्यासारखेच वाटले. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स नावाच्या गावी मायकेल क्यूसॅक नावाच्या शिक्षकाने आणि त्याच्या सोबत्यांनी आपले देशी खेळ सांभाळायची संस्था काढली. त्यांच्यावरही तेव्हा इंग्रजांचेच राज्य होते. अमरावतीचा आखाडा आणि थर्ल्सची ती बैठक यांत तीस वर्षांचे अंतर आहे, पण दोहोंमागची चीड मला एकाच जातीची वाटते.

तिकडे प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यात म्हणा ना, क्लबांच्या पायऱ्या असतात. सर्वांत वर 'सीनियर', त्याखाली 'इंटरमीजिएट', त्याखाली 'ज्युनिअर'. 'इंटरमीजिएट' म्हणजे आपला हा 'ब' गटच. तो जिंकला की पुढच्या वर्षी वर चढायचे, आणि वरचा जो तळाला गेला त्याने खाली यायचे. क्लब म्हणजे बहुधा एका चर्चच्या हद्दीतली दोन-चार खेडी. ज्या हद्दीत वाढलास तिच्याच क्लबाकडून खेळ, अशी तिथली जुनी रीत. आणि खेळाचा पगार कुणालाच नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळणारा गडीसुद्धा पुढे आपल्या शाळेवर, दुकानावर नाहीतर गाईंच्या गोठ्यावर कामाला जातो.

पण तिथेही पोरे कामासाठी बाहेर जातात. पिढ्यान्‌पिढ्या जातच आली आहेत, इंग्लंडला, अमेरिकेला. पुतणी सांगते, मोठा सामना असला की कुणी विमानाने येतो, गावासाठी तासभर खेळतो आणि परत कामावर जातो. त्याला कुणी उपरा म्हणत नाही. उपरा तो, ज्याला पैसे देऊन आणला.

हे सगळे मी समितीला सांगणार होतो. तेवढ्यात तांड्याचे नायक उठले. सत्तरीचे गृहस्थ, डोक्याला पांढरा फेटा, हातात काठी. इतका वेळ ते बाजूला बसून नुसते ऐकत होते. आपल्याच कप्तानाकडे वळून ते म्हणाले, "अरे, हे पोट्टं कंपनीत जाते म्हून गावचं नाई म्हनतं, तं आपला तांडा दिवाळीपासून होळीपर्यंत कोनाचा? आपले चार पोट्टे कोयता घिऊन कारखान्यावर हायत. उद्या ते आले, तं त्याईले बी लोकं पाव्हने म्हनतीन. तवा तू काय म्हनशीन?"

कप्तान काही बोलला नाही. नायक समितीकडे वळले. "खेळू द्या त्याले. हारलो तं हारलो."

हरकत मागे घेतली गेली. तो कप्तान मात्र आतून तापलेलाच होता. कोपऱ्यात जाऊन पायाला पट्टी बांधत बसला आणि नायकांशी त्या संध्याकाळी एक शब्द बोलला नाही. त्याचेही मला चुकीचे वाटत नाही. चार गडी दूर असताना सात जणांनी इथपर्यंत यायचे, आणि समोर कंपनीचा व्यायाम केलेला पोरगा. कुणाला राग येणार नाही?

सामना लवकर उरकायचा होता, कारण त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती. दहाला वीज येणार, आणि दोन्ही संघांतल्या निम्म्या गड्यांना हरभऱ्याला पाणी द्यायला जायचे होते. घाटे भरताना पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, हे मी सभेत सांगणार होतो. ते त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. मैदानामागे चुलवणावर वांग्याची भाजी रटरटत होती आणि गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत टाकले होते. तो वास आणि चाळलेल्या मातीचा वास एकत्र झाला की काय होते ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. पहिल्या डावात तांबड्यांनी निळ्यांवर लोण चढवला आणि सहा गुणांनी पुढे गेले. त्यांचा उजवा कोपरा म्हणजे एक उंच, काळासावळा, मुका वाटावा असा पोरगा. चढाईवाला आत येईपर्यंत हा हलायचा नाही, आणि एकदा घोटा धरला की सोडायचा नाही. चाकणच्या पोराला त्याने दोनदा झोपवला. तांड्याच्या बायका दुसऱ्या बाजूला गाडीवर उभ्या राहून आपल्या बोलीत काही ओरडत होत्या. अर्थ कळला नाही, पण जोर कळला.

दुसऱ्या डावात निळ्यांनी गुण भरून काढले. शेवटची आठेक मिनिटे राहिली असतील. निळ्यांच्या एका दांडग्या गड्याला पकडताना हाच उजवा कोपरा खाली सापडला आणि खांद्यावर पडला. उठला, पुन्हा बसला. खांदा उतरला होता. राखीव गडी नव्हताच. तांबडे सहा जणांवर खेळू लागले.

इथे एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचे कळणार नाही. समोर सहा किंवा जास्त गडी उभे असतील तरच चढाईवाल्याला बोनसचा गुण घेता येतो. बोनस रेषेच्या पलीकडे एक पाय टेकवायचा आणि दुसरा पाय त्या वेळी अधांतरी हवा. समोर पाच असते तर बोनस नाही. शेवटच्या मिनिटाला गुण २७-२७, आणि तांबड्यांचे सहाच्या सहा गडी उभे. एक जरी बाद असता तरी तो गुण मिळाला नसता.

चाकणचा पोरगा चढाईला आला. मैदान एकदम गप्प झाले. त्याचा 'कबड्डी कबड्डी' तेवढा ऐकू येत होता. एकदा डावीकडे गेला, उजवीकडे आला, उजव्या कोपऱ्यात आता नवा गडी होता, तिथेच त्याने पाय टाकला. डाव्या पायाचा अंगठा रेषेपलीकडे टेकला, उजवा वर. कोपऱ्याने झेप घेतली, पण त्याच्या मुठीत नुसता भुसा आला. पोरगा मध्यरेषेवर परतला. पंचांनी बोनस दिला. तांबड्यांनी उरलेल्या सेकंदांत एक चढाई केली, ती रिकामी गेली आणि शिट्टी झाली. २८-२७.

निळ्यांनी त्या पोराला खांद्यावर घेतले. तो धडपडून खाली उतरला आणि आधी त्या खांदा उतरलेल्या गड्याकडे गेला. दोघे काय बोलले ते मला कळले नाही. निळ्यांच्याच गावच्या जीपमधून त्या गड्याला वाशिमला दवाखान्यात नेले. कप्तान सोबत गेला. रोडगे त्यांच्यासाठी कापडात बांधून दिले. दहाला लाईन आली तेव्हा मैदानावर 'अ' गटाच्या सामन्याचे दिवे झगझगत होते आणि 'ब' गटातले गडी बॅटऱ्या घेऊन आपापल्या शेताकडे चालले होते.

मी त्या रात्री अनसिंगलाच मुक्काम केला. रात्री जेवताना निळ्यांच्या चार वडीलधाऱ्यांत वेगळाच वाद सुरू झाला. समितीचा नियम असा की 'ब' गट जिंकणाऱ्याने पुढच्या साली 'अ' गटात खेळायचे. एक म्हणे, मान मिळाला, वर गेलेच पाहिजे. दुसरा म्हणे, वरच्या गटात अकोल्या-नागपूरचे संघ येतात. आपल्या पोरांना घेऊन गेलो तर पहिल्याच दिवशी घरी. मग वर्गणी काढा, दोन चांगले चढाईवाले बाहेरून आणा. तिसरा नुसताच गप्प होता. त्याचा पोरगा संघात आहे, आणि दोन बाहेरचे आले की कोणते दोन खाली बसणार, हे तो मोजत असावा.

मला विचारले तेव्हा मी माझी गोष्ट सांगितली. तुम्हांलाही सांगतो. मी पंचविशीत असताना आमच्या गावचा संघ असाच वरच्या गटात गेला होता. कप्तान मीच होतो. जिंकण्याच्या हौसेने आम्ही दोन खेळाडू पैसे देऊन आणले आणि आमचाच एक डावा कोपरा बाहेर बसविला. नाव त्याचे मीच कापले. आम्ही उपान्त्य फेरीपर्यंत गेलो, दोन्ही पाहुणे पैसे घेऊन गेले. पुढच्या साली वर्गणी जमली नाही, आणि तिसऱ्या साली संघच उभा राहिला नाही. तो डावा कोपरा आजही भेटतो. कापसाचा भाव विचारतो, बियाण्याचे विचारतो. कबड्डीचा विषय मात्र तो काढत नाही, आणि मीही काढत नाही.

म्हातारे ऐकून घेऊन "बरोबर हाय साहेब" म्हणाले. पण तेवढ्याने त्यांचे ठरले असे मला वाटले नाही. पोरे वर जायला टपलेली आहेत, आणि त्यांना खालीच रहा म्हणायला मी कोण? तिकडे आयर्लंडमध्ये निदान वर गेल्यावरही आपलीच पोरे घेऊन जायची रीत आहे. इथे 'अ' गटालाही तशी अट घातली तर? समितीतल्या एकाला मी हे विचारले. तो म्हणाला, मग मोठे संघ येणार नाहीत, आणि मोठे संघ आले नाहीत तर वर्गणी देणारे व्यापारी देणार नाहीत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणचा पोरगा बसस्थानकावर दिसला नाही. त्याची रजा दोन दिवस बाकी होती. तो वडिलांच्या हरभऱ्यात होता.

पंधरा दिवसांनी सभेसाठी मी पुन्हा अनसिंगला गेलो. या वेळी माणसे भरपूर आली. सापळे वाटले, माहितीपत्रके संपली. परतताना वाटेत निळ्यांचा कप्तान आपल्या धुऱ्यावर भेटला. तांड्यावरच्या त्या गड्याचा खांदा बसविला आहे, अजून झोळीत आहे, असे त्याने सांगितले. मी विचारले, "काय ठरलं मग? वर जाणार?"

"साहेब, हरभरा निघू द्या, मंग पाहू," तो म्हणाला आणि मला सापळा दाखवायला शेतात घेऊन गेला. पिशवी सोडून आम्ही पतंग मोजले. सहा निघाले. अजून दोन दिवस मोज, तोवर पंप काढू नकोस, एवढे सांगून मी वाशिमची गाडी पकडली.